मागच्या सीटचा निकाल

बाईंच्या मणक्याबद्दल बोलायला त्या सकाळी जी माणसं जमली होती, त्यांतल्या एकाच्याही मणक्याला आजवर काही झालेलं नव्हतं. एकदोघांना तो आहे की नाही, याचीच बाईंना शंका होती.

बाई स्वतः कमरेला पट्टा आवळून सरळ पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर सोफ्यावर मुलगा, मांडीवर फोन पालथा घालून. फोन पालथा घालणं ही त्याच्या मते आईला दिलेली मानवंदना होती. मुलगी कप उचलायच्या निमित्तानं आतबाहेर करत होती, म्हणजे कुठल्याच वाक्याला तिला पूर्ण हजर राहावं लागत नव्हतं. आणि खोलीच्या मधोमध जावई उभा होता. जावई सहसा बसत नसे. बसलं की हातवाऱ्यांना जागा कमी पडते.

प्रश्न साधा होता. बाईंच्या छोट्या गाडीचं सस्पेन्शन बदलायचं की नाही.

"आई, कंपनीचं सस्पेन्शन म्हणजे काय, उकडलेला बटाटा," जावई म्हणाला. "दाबलं की दबलं. आपण काय करायचं, चारही शॉकअप काढायचे, स्प्रिंगा काढायच्या, आणि पूर्ण किट घालायचं. गाडी दोन बोटं खाली बसते. रस्त्याला चिकटून चालते."

"मला रस्त्याला चिकटायचं नाहीये, जावईबापू. रस्ता माझ्यापासून जितका लांब राहील तितका बरा."

"तसं नसतं ना पण, आई. सायन्स आहे त्यात."

जावयाच्या तोंडी 'सायन्स' हा शब्द आला की बाईंना आपला टॉवेल दुसऱ्याच्या अंगावर बघितल्यासारखं व्हायचं. जावयाचं दुकान होतं माशांचं. तेही खायच्या नव्हे, बघायच्या. काचेच्या पेट्या, त्यांत लाल-निळे मासे आणि तळाशी बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या. मुलीनं या माणसाशी लग्न ठरवलं तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "लोक विकत घेतात ते?" घेत होते. बाईंचं एकूण लोकांबद्दलचं मत त्या दिवशी आणखी एक पायरी खाली उतरलं.

"आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी हेच किट घातलंय," जावई पुढे सांगत होता. "एकानं तक्रार केलेली नाही. एकानं!"

"पैसे घालून बसलेला माणूस तक्रार कशाला करेल? लोकांनी हसावं म्हणून?"

मुलगा हसला आणि लगेच फोन उलटा करून वेळ बघून घेतली. "आई, घालून टाक ना. एकदाचा विषय संपू दे."

मुलाला विषय संपवायची हौस होती. मोठ्या हुद्द्यावर होता, दिवसाला असे कितीतरी विषय संपवत असेल. त्याच्या बाबतीत बाईंनी आपली जीभ नेहमी आवरून धरली होती. घरात एकाला तरी सोडावं लागतं, नाहीतर बोलायचं कुणाशी?

विषय संपवण्यासारखा मात्र नव्हता. वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून बाईंचा एक मणका दबला. हाड जुळलं, दुखणं मुक्कामाला राहिलं. गाडी चालवणं बंद झालं. तेव्हापासून दर रविवारी मुलगा त्यांच्याच गाडीतून त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात न्यायचा, अक्काकडे. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. झटक्यानं तिची वाचा गेली होती. डोकं होतं तिथेच होतं, आणि ते धारदार होतं. बाई तिच्या पलंगाशी बसून आठवडाभराचे सगळे गाढवपणे सांगायच्या: शेजारणीचा, बँकेतल्या पोराचा, जावयाचा तर प्रत्येक वेळी. अक्का आवाज न करता हसायची, पलंग हलायचा. जगात बाईंना ज्यांच्याबद्दल आदर वाटे अशी माणसं मुळात थोडी, आणि बाकीची एकेक करून मरून गेल्यावर आता ती अक्कापाशी येऊन थांबली होती.

आणि गेल्या दोन फेऱ्यांनंतर बाई दोन्ही वेळा अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, "धक्के थांबवा, नाहीतर जाणं थांबवा. तिसरं काही माझ्याकडे नाही." गेले तीन रविवार बाई घरी बसून होत्या. तिकडे अक्का दाराकडे बघत पडली असणार, आणि का आली नाही हे विचारायलाही तिच्याकडे तोंड नव्हतं.

"गाडीत बिघाड आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही गं," मुलगी कपांसकट दारात थबकली. "परवाच दाखवली. शॉकअप चांगले आहेत म्हणाले."

"चांगले आहेत, पण *चांगले* नाहीयेत," जावई म्हणाला.

 बाई म्हणाल्या, "ठीक. चाचणी घेऊ."

मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या लहानपणापासूनचा होता. बाईंची उभी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात गेली होती, चव तपासणाऱ्या खोलीच्या प्रमुख म्हणून. त्या खोलीत लाल दिवा असे, म्हणजे बिस्किटाच्या रंगावरून काही कळू नये. खाणाऱ्यापुढे तीन बशा. दोहोंत एकाच जातीचं बिस्किट, तिसरीत वेगळं. वेगळं ओळखून दाखवा, मग तुमचं मत ऐकू. विक्रीखात्याचा साहेब एकदा नव्या बिस्किटाचं फार कौतुक करत आला. बाईंनी तिन्ही बशांत एकाच पुड्यातली बिस्किटं वाढली. त्यानं मधलं उचललं, आणि ते जास्त खुसखुशीत का लागतं हे बराच वेळ समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग पुडा दाखवला. त्यानंतर बाईंची बढती लांबली. पण घरी मुलांनी भाजी आवडत नाही म्हटलं की बाई त्यांचे डोळे बांधून दोन वाट्या पुढे ठेवायच्या. तो नेम काही सुटला नाही.

"ज्या गाडीत ते किट घातलंय, अशी माझ्यासारखीच गाडी मिळेल?"

"आहे ना!" जावयाचे दोन्ही हात वर गेले. "आपल्या दोस्ताची. गॅरेजवाल्याची स्वतःची. बसाल तर उतरणार नाही, आई."

"तीच भीती आहे," बाई म्हणाल्या.

*

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. भिंतीवर स्प्रिंगा टांगलेल्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या. स्प्रिंगेला रंग कशाला लागतो, हे बाईंना कळेना. गाडीखाली अंधारात बसून ती कुणाला दिसणार होती? मालकाच्या बनियनवरही स्प्रिंगच छापलेली होती. बाईंनी मनातल्या मनात त्याला स्प्रिंगवाला करून टाकला.

"या मावशी!"

"मी तुमची मावशी नाही."

"बरं काकू. एकदा बसा आमच्या किटवर. घरचा सोफा विकून टाकाल."

त्याची गाडी बाईंच्याच जातीची होती, फक्त हळदीसारखी पिवळी, आणि पोट जमिनीला टेकवून बसलेल्या कुत्र्यासारखी खाली दबलेली. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग गॅरेजमागची गल्ली बघून आल्या. गल्ली कामाची होती: ओळीनं गतिरोधक, मध्ये केबलसाठी खणून कसाबसा बुजवलेला चर आणि शेवटी खचलेलं गटाराचं झाकण. अक्काकडच्या रस्त्यावर जे जे होतं, ते सगळं इथे थोडक्यात मांडून ठेवल्यासारखं होतं.

"ऐका," बाई म्हणाल्या. सगळे ऐकू लागले. हा आवाज खोलीप्रमुखाचा होता. "माझ्या डोळ्यांवर पट्टी. कुठली गाडी आधी, ते माझ्या लेकीनं नाणं उडवून ठरवायचं आणि मला सांगायचं नाही. उशी माझीच, दोन्ही गाड्यांत तीच. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. चालवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. फेरी संपली की मी दुखण्याला गुण देईन. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे मला तिथेच उतरवून टाका."

"काकू, माझ्या गाडीची चावी मी फक्त यालाच देणार हां," स्प्रिंगवाल्यानं जावयाच्या पाठीवर थाप मारली. "बाकी कुणाला नाही."

"आणि आईची गाडी मी चालवतो," मुलगा म्हणाला. "मला हात बसलाय तिचा."

बाईंनी मान हलवली. पुढे त्या मान हलवण्याची त्यांना भयंकर चीड आली, पण ते पुढे. मुलगा कधीतरी विमानातून आला तेव्हा तिथे मिळालेली झोपेची पट्टी त्याला नको होती म्हणून त्यानं आईला दिली होती. तीच बाईंनी डोळ्यांवर चढवली. मुलीनं हाताला धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, उशी सारखी केली, दार लावलं.

पहिली फेरी सुरू झाली. पुढे कुठेतरी फोन थरथरला, थांबला, परत थरथरला. मग पहिला गतिरोधक आला. गाडी त्यावर अशी गेली, की जणू तो तिथे असायचं काही कारणच नव्हतं. बाईंच्या कमरेतून एक कळ निघाली ती थेट दातांपर्यंत. दुसऱ्याला तेच. चराला त्याहून वाईट. गटाराच्या झाकणाशी बाईंनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि आपण ओरडलो नाही याची मनाशी नोंद केली.

"सात," दार उघडल्यावर त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "साडेसात."

थोडी विश्रांती झाल्यावर दुसरी फेरी. पुढून बारीक गुणगुण ऐकू येत होती, सूर नसलेली, बाटलीत अडकलेल्या माशीसारखी. गाडी गेली, वर चढली, खाली आली. कंबर कुरकुरली, बस्स. चर आला आणि गेला. झाकणाशी बाई दात आवळून वाट बघत राहिल्या, तर गाडी केव्हाच वळली होती.

"अडीच."

पट्टी काढली तेव्हा त्या पिवळ्या गाडीत बसलेल्या होत्या. जावई दार धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू स्प्रिंगा त्यानंच जन्माला घातल्या होत्या.

"अडीच! काय म्हटलं होतं मी? अडीच! आणि कंपनीच्या बटाट्याला साडेसात!"

"चला, झालं," मुलगा म्हणाला. "आई, आता तरी हो म्हण."

स्प्रिंगवाल्यानं होकाराची वाट पाहिली नाही. बाईंची गाडी त्यानं आत नेली, रॅम्पवर चढवली, आणि खटका दाबून वर उचलली. जावई खालून बोटानं कायकाय दाखवू लागला.

बाई बाहेर बाकावर टेकल्या. माशांच्या दुकानदारानं आपल्याला चाचणीत हरवलं, हे गिळायला जरा वेळ लागत होता; पण गिळायची त्यांची तयारी होती. आकडा तो आकडा. अक्काला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. 'त्या बुडबुडेवाल्याचं खरं निघालं गं.' अक्का हसणार नाही, ती काळजीत पडेल.

मग त्यांना ती गुणगुण आठवली.

दुसऱ्या फेरीत जावई चालवत होता हे त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. त्याला तोंड मिटून ठेवायला सांगितलं तर त्याच्या नाकातून आवाज यायचा. म्हणजे पट्टी डोळ्यांवर होती, पण कुठली गाडी ते त्यांना ठाऊक होतं. आणि दुसरं काहीतरी होतं. गुणगुण सलग नव्हती. मध्ये मध्ये थांबत होती. थांबली की गाडी मंदावायची, चाक हळूच काहीतरी चढायचं, उतरायचं, आणि मग गुणगुण परत सुरू. आणि पहिल्या फेरीत? पहिल्या फेरीत काहीच थांबलं नव्हतं. ना गाडी, ना फोन.

गाडी बदलली, तेव्हा चालवणाराही बदलला होता.

दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि निकाल एकीच्या नावावर टाकला. नोकरीत एखाद्या नव्या मुलीनं पहिल्या आठवड्यात ही चूक केली असती, तर बाईंनी तिला कागदी टोपी उतरवून घरी जायला सांगितलं असतं. सकाळपासून आजूबाजूच्या माणसांसाठी त्यांनी जेवढा तुच्छभाव खर्च केला होता, तेवढा सगळा त्यांच्याकडेच परत आला, आणि तो चांगलाच जड होता.

त्या उठून शेडमध्ये गेल्या. "गाडी खाली घ्या."

"काकू, चाक निघालंय!"

"मग बसवा. निघालेलं चाक बसतं."

"आता काय झालं, आई?" मुलगी मागून आली.

"चाचणी चुकली. माझीच चूक. आता हे दोघं गाड्या बदलतील. पिवळी हा चालवेल," बाईंनी मुलाकडे बोट केलं, "आणि माझी गाडी जावईबापू."

"आई, माझी बारा वाजता मीटिंग आहे."

"विषय संपवायचाय ना तुला? मग संपव."

स्प्रिंगवाला चावी द्यायला तयार होईना. जावयानंच त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "दे रे, किटच जिंकणार आहे, घाबरतो कशाला?" जावयाची श्रद्धा पक्की होती. ती कशानंच हलणार नव्हती, हे बाईंना तेव्हा कळायला हवं होतं.

तिसरी फेरी बाईंना नीट आठवत नाही. पिवळी गाडी मुलाच्या हाती गेली आणि पहिल्याच गतिरोधकाला तिनं बाईंना खालून बुक्की मारली. कडक स्प्रिंगा, कडक सीट, आणि चालवणाऱ्याला मीटिंग. चराला त्यांच्या तोंडून आवाज निघाला. झाकण आलं तेव्हा बाईंनी डोळ्यांवरची पट्टी ओरबाडून काढली आणि "थांब" म्हणाल्या.

दाराला धरून त्या गल्लीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलीनं पाणी आणलं. त्यांनी बोटांनी नऊ दाखवलं, मग जरा विचार करून उरलेलं बोटही उघडलं.

"राहू दे ना आई, बास झालं," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रडणारी माणसं बाईंना एरवी सहन होत नसत. आज त्यांना काही म्हणायचं त्राण नव्हतं.

"अर्धी चाचणी म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या. "गोळी दे माझी."

गोळीचा असर सुरू व्हायच्या आत त्यांना चौथी फेरी हवी होती. नंतर घेतली तर गुण गोळीला जातील. त्या आपल्याच गाडीत, आपल्याच उशीवर बसल्या. जावयाला पुन्हा गप्प राहायला सांगितलं होतं आणि तो पुन्हा गुणगुणत होता. गुणगुण थांबली. गाडी जवळजवळ उभी राहिली, एक चाक वर गेलं, मग दुसरं, म्हाताऱ्या बाईनं पायरी उतरावी तशी गाडी खाली आली. गुणगुण सुरू झाली.

"दोन," बाई म्हणाल्या. "आणि त्यातलाही एक मघाचा उरलेला आहे."

*

 मुलीचं तोंड उघडलं होतं. "म्हणजे दादा—" ती म्हणाली आणि ओठ मिटले.

मुलाचा चेहरा लाल झाला होता. "मी काय मुद्दाम आपटतो का गाडी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मुद्दाम करायला लक्ष लागतं."

"दर रविवारी येतो मी, आई. दर रविवारी. बाकी कुणाची मुलं येतात एवढी?"

हे खरं होतं. येत होता. कपडे इस्त्रीचे, गाडीत तेल भरलेलं, वेळेला दारात. "येतोस," बाई म्हणाल्या. "आणि पहिल्या गतिरोधकापासून परत जायला निघतोस."

त्यानं फोन उचलला, खिशात टाकला, परत काढला. मग म्हणाला, "मला उशीर होतोय," आणि त्याच्या गाडीच्या दिशेनं गेला. जाताना तो मोठ्या हुद्द्यावरचा माणूस वाटत नव्हता. भाजी ओळखता आली नाही म्हणून पानावरून उठवलेल्या मुलासारखा दिसत होता. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं सगळ्या मूर्खांना लावलेल्या ज्या मापातून त्याला वगळलं होतं, त्यात त्याला उभं करून झालं होतं, आणि तो मावला होता. मुलगी त्याच्या मागे धावली. धावेलच. कप उचलायचेच होते, इथले नाही तर तिथले.

राहता राहिला जावई. तो अजून बाईंच्या गाडीशी वाकून तिच्या तळाकडे संशयानं बघत होता.

"कसं काय आलं पण हे दोन?" तो म्हणाला. "बहुतेक टायरमधली हवा कमी असेल."

"जावईबापू, गतिरोधक आला की तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"थांबता. एकेक चाक चढवता."

"हां, ते!" त्यानं हात झटकला. "ते आपलं सवयीचं. मागे पिशव्या असतात ना पाण्याच्या, मासे असतात. एक पिशवी फुटली की सीट आठवडाभर वास मारते. एकदा तर अख्खी पेटी तडकली होती, तेव्हा हिनं बोलणं टाकलं होतं माझ्याशी. पण ते सोडा हो. ड्रायव्हिंगचा काय संबंध? मेन म्हणजे डॅम्पिंग, धक्का जिरवणं!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. या माणसाच्या अंगी एक गुण होता, आणि तोही त्याला खिशातल्या जुन्या तिकिटासारखा वाटत होता. त्याचं कौतुक करावं असं बाईंच्या मनात क्षणभर आलं आणि गेलं. कौतुक केलं असतं तर त्याला ते स्प्रिंगांचंच वाटलं असतं.

पण तीन रविवार झाले होते. उद्या-परवा चौथा येणार. आणि मुलगा यापुढे चालवेल तो जपून नव्हे, रागानं.

"तुम्ही मला अक्काकडे न्याल?" बाईंनी विचारलं. जावयाकडे काही मागायची ही त्यांची पहिलीच वेळ होती, त्यामुळे ते जरा हुकूम दिल्यासारखं निघालं.

"नेईन की. त्यात काय!" जावई म्हणाला. "रविवारी नाही जमणार, रविवारी दुकानात गर्दी. मंगळवारी त्याच बाजूला जातो, हॉटेलच्या टाकीचं पाणी बदलायला. दर मंगळवारी. आज तर आत्ताही चला, दुकान दुपारी उघडतो." आणि मग तो एकदम हळू आवाजात बोलू लागला, जे त्यानं आयुष्यात क्वचित केलं असावं. "फक्त आई, एक करा ना. हा आपला दोस्त. याला मी चार लोकांसमोर सांगून ठेवलंय, आमच्या सासूबाई टेस्टिंगमधल्या, त्यांनी पास केलं म्हणजे पास. आता तुम्ही नापास केलंत तर माझं तोंड राहणार नाही ग्रुपवर. त्याच्यासमोर तेवढं म्हणा, की किट चांगलं आहे. घेऊ नका हवं तर. नुसतं म्हणा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हटलं तर..." जावई विचारात पडला. त्याला धमकी द्यायची नव्हती. धमकी सुचण्याइतकी त्याची अक्कल नव्हती. "नाही म्हटलं तरी नेईन हो. पण मग मला वाईट वाटेल ना."

वाईट वाटलेला जावई. बाईंनी तो रस्ता डोळ्यांपुढे आणला: जायचा, यायचा, दर मंगळवारी, आणि पुढच्या सीटवर तोंड पाडून बसलेला हा. गुणगुण नसलेला. वाईट वाटलेला माणूस गतिरोधक कसा घेतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची चाचणी घ्यायची त्यांच्या कमरेची तयारी नव्हती.

स्प्रिंगवाला हात पुसत आला. "मग मावशी? काय ठरलं?"

कारखान्यात बाईंकडे वरून माणसं आली होती, एकदा तर मालकाचा भाऊ. निकाल जरा इकडचा तिकडे करा, एवढंच. बाईंनी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नव्हती. ते लोक बढती घेऊन आले होते. मालकाच्या भावाला मंगळवारी अक्काकडे नेता येतं असं कुणी सुचवलं असतं, तर त्यालाही कदाचित खुर्ची मिळाली असती.

"किट उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

"बघा!" जावई म्हणाला.

"डोळे बांधले तरी फरक कळतो. मी असं काम पाहिलेलं नाही."

स्प्रिंगवाल्याची छाती फुगली, बनियनवरची स्प्रिंग ताणली गेली. "मग बसवूनच टाकू?"

"नको. माझ्या वयाला इतकं चांगलं सोसायचं नाही. पण ज्यांचे मणके धड आहेत त्यांना जरूर द्या."

तो हसला, मघाशी घाईत बसवलेल्या चाकाचे नट पुन्हा आवळायला वळला, आणि त्याला कसलीही शंका आली नाही. इतकं सोपं असतं, बाईंना वाटलं. साधं 'बरं वाटतंय' म्हणण्याहून सोपं. उभ्या जन्मात ज्यांना त्या हसल्या, ते सगळे हे रोज करत होते आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवत होते.

मुलगी परत आली. "दादा गेला," ती म्हणाली. बाईंनी उशी तिच्या हातात दिली आणि मागच्या सीटकडे बोट केलं. "तिकडे अकरानंतर आत सोडत नाहीत. चल, बस."

जावई मात्र आला नाही. तो गाडीपासून चार पावलांवर, फोन तोंडापुढे आडवा धरून, सगळ्या ग्रुपला सांगत होता. आवाज शेडभर घुमत होता. "...माझ्या सासूबाई, आयुष्यभर टेस्टिंगमध्ये, बरं का मित्रांनो, डोळे बांधून बसल्या, आणि किटला किती गुण, माहितीये? थांबा, सुरुवातीपासून सांगतो..."

"आई," मुलगी कुजबुजली, "थांबवू का त्याला? हे काहीतरी भलतंच सांगतोय."

बाईंनी मागच्या सीटवरून काच अर्धी खाली घेतली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं: चौथी फेरी, कुणी चालवलं, कुठल्या गाडीला किती. ओठांपर्यंत सगळं आलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचं झालं की निघू."

त्यानं मान डोलावली आणि मोकळा हात हलवत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाई पाठ सरळ ठेवून बसल्या आणि वाट बघू लागल्या.